संशोधकाची जागा : दोन आत्मकथने आणि एक पत्र

डॉक्टरेट मिळाल्यानंतर आणि कायम स्वरूपाचे पद हाती येण्यापूर्वी संशोधकाच्या आयुष्यात जो कालखंड येतो, त्याला मराठीत अद्याप सर्वमान्य नाव मिळालेले नाही. ‘पोस्टडॉक’ हा शब्द विद्यापीठांच्या आवारात सर्रास ऐकू येतो. कागदोपत्री ‘डॉक्टरेटोत्तर संशोधक’ असा लांबलचक शब्दप्रयोग केला जातो. नावाची ही अस्थिरता त्या अवस्थेच्याच अस्थिरतेची निदर्शक होय. असा संशोधक विद्यार्थी उरलेला नसतो आणि अध्यापकही झालेला नसतो. त्याला वेतन मिळते, पण ते दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे. त्याच्यापाशी कौशल्य असते, परंतु ते कोणत्या प्रश्नासाठी वापरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्याचा की प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा, याविषयी पुष्कळदा संदिग्धता असते. जीवविज्ञानांत, आणि त्यांतही प्रतिमांकनाच्या क्षेत्रात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जैव रचनेचे चित्र यंत्राच्या साहाय्याने मिळविण्याच्या विद्येत, ही संदिग्धता विशेष तीव्र होते. येथील यंत्रे मोठी, खर्चिक आणि मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असतात. म्हणून संशोधकाला यंत्र असेल तेथे जावे लागते. शिवाय हे क्षेत्र पदार्थविज्ञान आणि जीवविज्ञान यांच्या सीमेवर वसलेले असल्यामुळे येथे येणारा बहुधा दुसऱ्या शास्त्रातून आलेला, एका अर्थाने परकाच असतो.

अशी जागा कशी शोधावी, याविषयी उपदेशपर वाङ्मय पुष्कळ आहे. परंतु उपदेश हा पुरावा नव्हे. जागा प्रत्यक्षात कशी मिळते, कशी हुकते आणि मिळालेल्या जागेचा अर्थ कोण ठरवितो, हे पाहावयाचे तर आत्मकथने आणि पत्रे यांच्याकडे वळले पाहिजे. प्रस्तुत विवेचनासाठी तीन लेख्ये निवडली आहेत : जेम्स वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ (१९६८), वेंकटरामन रामकृष्णन यांचे ‘जीन मशीन’ (२०१८), आणि ह्या दोहोंच्या मध्ये ठेवून वाचावयाचे, ४ डिसेंबर १९५० रोजी जॉन रँडल यांनी रोझालिंड फ्रँकलिन यांना पाठविलेले एक पत्र. पहिली दोन पुस्तके वाङ्मय म्हणून लिहिली गेली. तिसरे एक कार्यालयीन पत्र आहे. तरीही अर्थनिर्णयाच्या दृष्टीने सर्वांत अवघड लेख्य तेच आहे.

‘द डबल हेलिक्स’ हे पुस्तक बहुधा शर्यतीची कथा म्हणून वाचले जाते. डी. एन. ए.ची रचना प्रथम कोण उलगडतो, ह्या उत्कंठेवर त्याची लोकप्रियता उभी आहे. परंतु त्याची सुरुवातीची प्रकरणे जरा सावकाश वाचली असता ध्यानात येते की, ह्या कथेतील पहिला शोध रेणूचा नसून जागेचा आहे. १९५० साली इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन वॉटसन अधिछात्रवृत्तीवर कोपनहेगनला हेर्मान काल्कार यांच्याकडे गेले. त्यांचे गुरू साल्व्हादोर लुरिया यांची अपेक्षा अशी की, तेथे शिष्याने न्यूक्लिक आम्लांचे रसायन शिकावे. शिष्याचे मन त्यात रमले नाही. १९५१ च्या वसंतात नेपल्स येथील एका परिषदेत लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मॉरिस विल्किन्स यांनी डी. एन. ए.चे क्ष-किरण विवर्तनचित्र पडद्यावर दाखविले. ह्या रेणूची रचना नियमित आहे, अर्थात ती शोधून काढता येईल, हे त्या चित्रावरून वॉटसन यांच्या लक्षात आले. ह्यानंतरची पाने म्हणजे जागा शोधणाऱ्या तरुणाची दैनंदिनीच होय. विल्किन्स यांच्याशी सलगी साधण्याचा प्रयत्न फसतो. मग केंब्रिजचा विचार पुढे येतो. लुरिया यांची अमेरिकेत जॉन केंड्रू यांच्याशी गाठ पडते आणि त्या बोलण्यातून कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे दार उघडते. क्ष-किरण स्फटिकशास्त्राचे शिक्षण नसलेला हा तेवीस वर्षांचा तरुण १९५१ च्या शरदात तेथे दाखल होतो.

अधिछात्रवृत्ती देणाऱ्या मंडळाने ह्या स्थलांतरास हरकत घेतली. हा अर्जदार स्फटिकशास्त्राचा लाभ घेण्याइतका त्यात तयार झालेला नाही, हा मंडळाचा आक्षेप कागदावर अगदी रास्त होता. त्यातून मार्ग काढण्यासाठी वनस्पतींवरील विषाणूंच्या अभ्यासाचे निमित्त पुढे करण्यात आले आणि मुदत कमी करून का होईना, वृत्ती चालू राहिली. वॉटसन हा सारा प्रकार मिस्कीलपणे सांगतात. मंडळ म्हणजे दूरच्या शहरातील अडाणी अधिकारी आणि आपण म्हणजे त्यांना हुलकावणी देणारा चतुर मुलगा, असा त्यांच्या निवेदनाचा रोख आहे. वाचकही हसतो आणि पुढे जातो. परंतु टीकाकाराने येथे थबकावयास हवे. ही हुलकावणी एकट्याची नव्हती. लुरिया, केंड्रू, माक्स पेरुत्झ ह्या सर्वांना ती ठाऊक होती, आणि ठाऊक असूनच त्यांनी तरुणाची पाठराखण केली. वॉटसन यांच्या जागेचा कागदावरील अर्थ एक होता आणि व्यवहारातील अर्थ दुसरा. मात्र तो दुसरा अर्थ त्यांच्याभोवतीच्या सर्व माणसांना समान रीतीने माहीत होता. पुस्तकात जो चतुरपणा म्हणून मिरवतो, तो वस्तुतः ह्या सामाईक जाणिवेचा आधार होय. निवेदक ही गोष्ट कोठेही नाकारीत नाही. पण तिचे श्रेयही देत नाही.

आता पत्राकडे वळू. नेपल्सला पडद्यावर आलेले चित्र विल्किन्स आणि त्यांच्या हाताखाली काम करणारा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी १९५० साली घेतले होते. त्याच सुमारास पॅरिस येथे कोळसा आणि कार्बन यांच्या संरचनेवर क्ष-किरणांच्या साहाय्याने नावाजलेले काम केलेल्या फ्रँकलिन इंग्लंडमध्ये परतण्यासाठी जागा शोधीत होत्या. किंग्ज कॉलेजातील सैद्धांतिक रसायनज्ञ चार्ल्स कूल्सन यांच्या ओळखीतून त्यांचा संबंध रँडल यांच्या जीवभौतिकी विभागाशी आला. टर्नर अँड न्यूऑल ही तीन वर्षांची अधिछात्रवृत्ती त्यांना मिळाली. ठरलेला विषय होता द्रावणातील प्रथिनांचा क्ष-किरणांनी अभ्यास. फ्रँकलिन लंडनला येण्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी रँडल यांचे पत्र आले आणि विषय बदलला.

पत्रातील आशय थोडक्यात असा : विभागातील वरिष्ठांशी विचारविनिमय केल्यानंतर द्रावणांपेक्षा काही जैव तंतूंची रचना तपासणे अधिक महत्त्वाचे वाटते. स्टोक्स यांना पुढे सैद्धांतिक कामच करावयाचे आहे. तेव्हा क्ष-किरणांच्या प्रायोगिक कामापुरते पाहता तूर्त केवळ फ्रँकलिन आणि गॉस्लिंग हेच राहतील. एका महिलेचे तात्पुरते साहाय्य मिळेल. गॉस्लिंग यांनी विल्किन्स यांच्या सहकार्याने काम करून बर्नच्या सिग्नर यांच्याकडून आलेल्या डी. एन. ए.चे तंतू उत्कृष्ट चित्रे देतात असे दाखविलेच आहे.

भारतीय साहित्यशास्त्राने शब्दाच्या शक्ती सांगताना अभिधा आणि व्यंजना यांत जो भेद केला आहे, तो ह्या पत्रास लावून पाहण्यासारखा आहे. अभिधेने पाहता पत्रात कोठेही असे म्हटलेले नाही की, विल्किन्स यांनी डी. एन. ए.चे काम सोडले आहे, किंवा त्यांना सोडण्यास सांगितले आहे. परंतु ‘केवळ’ ह्या एका अव्ययाची व्यंजना काय? प्रायोगिक कामावर केवळ दोघेच, असे म्हटल्यावर तिसऱ्याचा निषेध आपोआप सूचित होतो. त्यात भर अशी की, विल्किन्स यांचा उल्लेख भूतकाळातील कामाच्या संदर्भात येतो. जे मिळाले ते सांगताना त्यांचे नाव आहे. जे व्हावयाचे आहे ते सांगताना नाही. नोकरीचे पत्र वाचणारी कोणतीही चाणाक्ष व्यक्ती ह्यावरून जो अर्थ काढील तोच फ्रँकलिन यांनी काढला : डी. एन. ए.चे प्रायोगिक काम आता आपले, आणि गॉस्लिंग आपला विद्यार्थी. ‘तूर्त’ आणि ‘पुरते पाहता’ ह्या दोन मर्यादा पत्रलेखकाने घातल्या आहेत खऱ्या. पण अशा मर्यादा पत्र लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. वाचणाऱ्याच्या मनावर ठसतो तो ‘केवळ’.

हे पत्र विल्किन्स यांनी त्या वेळी पाहिले नव्हते. जानेवारी १९५१ मध्ये फ्रँकलिन रुजू झाल्या तेव्हा ते रजेवर होते. परतल्यावर त्यांची समजूत अशी की, आपण सुरू केलेल्या कामाला हातभार लावण्यासाठी क्ष-किरणांची एक तज्ज्ञ व्यक्ती आली आहे. एका जागेचे दोन अर्थ दोन माणसांच्या मनात ठाम झाले, आणि दोन्ही अर्थ प्रामाणिक होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात विल्किन्स यांनी ह्या पत्राचा विचार केला आहे. परंतु तोपर्यंत अर्धे शतक उलटून गेले होते आणि फ्रँकलिन यांना १९५८ सालीच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मृत्यूने गाठले होते.

ह्या दुहेरी अर्थाचा परिणाम पुढील प्रसंगात दिसतो. फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेले चित्र पुढे ‘छायाचित्र ५१’ म्हणून प्रसिद्धीस आले. जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी ते वॉटसन यांना दाखविले. हे त्यांनी योग्य केले की अयोग्य, ह्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मॅथ्यू कॉब आणि नेथॅनिएल कम्फर्ट ह्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात, त्या एका चित्राभोवती रचलेली नाट्यमय कथा इतिहासास धरून नाही आणि फ्रँकलिन यांना ह्या शोधातील समान भागीदार मानावयास हवे, असे प्रतिपादन केले आहे. ते ग्राह्य धरले तरी मूळ प्रश्न राहतोच : ते चित्र दाखविण्याचा अधिकार कोणाचा? फ्रँकलिन साहाय्यक असतील, तर चित्र विल्किन्स यांच्या कामाचा भाग ठरते. त्या स्वतंत्र अधिछात्र असतील, तर त्यांना विचारल्यावाचून ते दुसऱ्या प्रयोगशाळेतील माणसापुढे ठेवता येत नाही. म्हणजे नीतीच्या प्रश्नाचे उत्तर १९५० सालच्या एका वाक्याच्या अर्थावर अवलंबून आहे.

‘द डबल हेलिक्स’ने ह्या प्रश्नाचे उत्तर वाद न घालता, निव्वळ शब्दयोजनेने देऊन टाकले. फ्रँकलिन यांना विल्किन्स यांच्या मदतीसाठी आणले होते, हे त्या पुस्तकात गृहीत धरलेले आहे. त्याहूनही दूरगामी ठरली ती नावाची निवड. निवेदक त्यांना सतत ‘रोझी’ म्हणतो. पुस्तकात सर्वांनाच पहिल्या नावांनी संबोधिले आहे, असा ह्यावर बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. ‘मॉरिस’ आणि ‘फ्रान्सिस’ ही त्या माणसांना समोरासमोर हाक मारण्याची नावे होती. ‘रोझी’ हे पाठीमागे घेतले जाणारे नाव होते. ज्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा पायऱ्या आहेत त्या भाषेच्या वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. हाक मारण्याच्या नावाने माणसाची पायरी ठरते आणि पायरी ठरली की त्याच्या कामाची मालकीही ठरून जाते. पुस्तकाच्या उपसंहारात वॉटसन पूर्ण नाव घेऊन फ्रँकलिन यांच्या कार्याचा गौरव करतात आणि आपले पूर्वग्रह चुकीचे होते अशी कबुली देतात. कबुली मनःपूर्वक असेल. परंतु वाङ्मयकृतीत उपसंहार निवेदनाची भरपाई करू शकत नाही. दोनशे पानांत वाचकाच्या कानी बसलेले नाव दोन पानांनी पुसले जात नाही. ॲन सेयर यांनी १९७५ साली आणि ब्रेंडा मॅडॉक्स यांनी २००२ साली लिहिलेल्या चरित्रग्रंथांना जे करावे लागले, त्यातील मोठा वाटा हे नाव पुसण्याचाच आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार आवश्यक आहे. स्वभावभेद, स्त्रियांविषयीची तत्कालीन वृत्ती, विभागातील वातावरण ह्या कारणांपुढे एका पत्राला एवढे महत्त्व द्यावे काय? ही कारणे खरी आहेत आणि त्यांचे वजन कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि स्वभाव आणि पूर्वग्रह यांना वाव मिळतो तो अर्थ मोकळा सोडलेला असतो तेव्हा. जागेच्या मर्यादा तिघांनाही लेखी ठाऊक असत्या, तर विल्किन्स आणि फ्रँकलिन यांची मैत्री झाली असती असे नाही; परंतु भांडण कोणत्या मुद्द्यावर आहे हे दोघांनाही कळले असते, आणि ते सोडविण्याची जबाबदारी कोणाची हेही. ती जबाबदारी पत्रावर सही करणाऱ्याची होती. मार्च १९५३ मध्ये फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या आणि तंबाखूच्या पानांवरील विषाणूच्या रचनेवर त्यांनी जे काम केले, त्यावरून ह्या मुद्द्यास पुष्टी मिळते. तेथे त्यांचा विषय निःसंदिग्धपणे त्यांचा होता. आरन क्लूग हे तेथेच त्यांचे सहकारी झाले. क्लूग यांना पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेल्या प्रतिमांतून त्रिमितीय रचना काढण्याच्या कार्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस तोच, स्वभाव तोच. जागेचा अर्थ मात्र स्पष्ट.

‘जीन मशीन’ हे पुस्तक ‘द डबल हेलिक्स’नंतर बरोबर पन्नास वर्षांनी प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या निवेदनाची जात वेगळी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन रामकृष्णन अमेरिकेत गेले. ओहायो विद्यापीठात १९७६ साली पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट पूर्ण होताच त्यांनी ते शास्त्र सोडण्याचे ठरविले आणि सॅन डिएगो येथे जीवविज्ञान शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. न्यूट्रॉनांच्या साहाय्याने रायबोसोममधील प्रथिनांची स्थाने कशी शोधता येतात, यावर डॉन एंगलमन आणि पीटर मूर यांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्यांनी येल विद्यापीठाकडे पत्र धाडले आणि मूर यांच्याकडे त्यांना जागा मिळाली. आयुष्यभराचा विषय असा एका मासिकातील लेखातून सापडला. परंतु त्यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. येलमधील काम संपल्यावर त्यांनी सुमारे पन्नास विद्यापीठांकडे अर्ज केले. कोठेही अध्यापकाची जागा मिळाली नाही. ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत जागा मिळाली, ती न्यूट्रॉनयंत्र जाणणारा माणूस म्हणून. स्वतःच्या प्रश्नावर काम करण्यास तेथे पुरेसा वाव नाही हे उमगताच ते १९८३ मध्ये ब्रुकहेवनला गेले. पुढे न्यूट्रॉनांच्या पद्धतीची मर्यादा ओळखून त्यांनी स्फटिकशास्त्र शिकण्यासाठी केंब्रिजला एक वर्ष काढले, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. २००० साली रायबोसोमच्या लहान उपघटकाची रचना उलगडली. २००९ साली नोबेल पारितोषिक आले.

वॉटसन यांच्या निवेदनात परकेपणा हा पराक्रम बनतो. रामकृष्णन यांच्या निवेदनात तो परकेपणाच राहतो. आपल्याला काय येत नव्हते, कोणी शिकविले, कोणाच्या यंत्रावर काम केले, हे ते नावानिशी सांगतात. पारितोषिकांच्या राजकारणाविषयीही ते मोकळेपणाने लिहितात. ओक रिजचा प्रसंग रँडल यांच्या पत्राशेजारी ठेवला म्हणजे साम्य ध्यानी येते. देणाऱ्याच्या मते जागा यंत्राची होती. घेणाऱ्याच्या मते ती प्रश्नाची होती. फरक एवढाच की, रामकृष्णन यांना तो अर्थभेद वेळीच उमगला आणि दुसरे दार उघडे होते. तथापि ह्या पुस्तकाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. पन्नास अर्ज निष्फळ ठरल्याची हकीकत वाचकाला धीर देते, कारण शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. पन्नास अर्ज निष्फळ ठरल्यावर एकावन्नावाही निष्फळ ठरलेल्यांनी आत्मकथने लिहिली नाहीत. म्हणून ह्या वाङ्मयप्रकारावरून चिकाटीचे फळ मोजू जाणे तर्कदुष्ट होय. त्यातून शिकावयाचे ते इतकेच : जागा मिळण्यात काय काय गुंतलेले असते.

तिन्ही लेख्ये एकत्र वाचल्यावर जो निष्कर्ष निघतो तो असा. संशोधकाची जागा म्हणजे मेज, खुर्ची आणि यंत्रावरील ठरावीक तास नव्हेत. ते एक विधान असते, आणि ते विधान संबंधित सर्वांना एकाच अर्थाने कळले असेल तरच ती जागा खऱ्या अर्थाने अस्तित्वात येते. वॉटसन यांनी आपल्या अधिछात्रवृत्तीच्या अटींचा भंग केला आणि त्यांचे काही बिघडले नाही, कारण त्यांच्या जागेचा खरा अर्थ भोवतालच्या सर्वांना माहीत होता. फ्रँकलिन यांनी आपले पत्र अक्षरशः पाळले आणि त्यांना किंमत मोजावी लागली, कारण तो अर्थ त्यांच्याच हातातील कागदावर होता.

आजही प्रतिमांकन आणि जीवविज्ञाने यांतील जागा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. काहींत वेतन प्रयोगशाळाप्रमुखाच्या अनुदानातून येते आणि प्रश्न त्याचा असतो. काहींत अधिछात्रवृत्ती उमेदवाराच्या नावावर असते आणि प्रश्न, निदान कागदावर, उमेदवाराचा असतो. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामसारखी संस्था तर जीवविज्ञानाबाहेरून येणाऱ्यांसाठी स्वतंत्र वृत्ती देते. दोन्ही प्रकार प्रतिष्ठेचे आहेत. घोटाळा होतो तो एक प्रकार दुसऱ्याच्या भाषेत मांडला जातो तेव्हा. म्हणून जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्याने नियुक्तिपत्र वाचताना वेतन आणि मुदत यांच्यापलीकडे तीन गोष्टी पाहाव्यात : प्रश्न कोणाचा आहे, ह्याच प्रश्नावर आधीपासून काम करणारा कोण आहे, आणि त्या व्यक्तीने हे पत्र पाहिले आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पत्र कितीही सौजन्यपूर्ण असले तरी ते अपुरे आहे, आणि ते पुरे करून मागणे हा उद्धटपणा ठरत नाही.

हेच कर्तव्य उलट बाजूने अध्यापकांवरही येते. नियुक्तिपत्र लिहिणारा बहुधा घाईत असतो, आणि अप्रिय विषय टाळावा ही त्याची इच्छा स्वाभाविक असते. दोन माणसांना एकच काम देऊन स्पर्धेतून काय निष्पन्न होते ते पाहावे, असा मोहही कधी कधी होत असेल. परंतु संदिग्ध पत्राचा खर्च पत्र लिहिणाऱ्याला सोसावा लागत नाही. किंग्ज कॉलेजात तो फ्रँकलिन यांनी सोसला, काही अंशी विल्किन्स यांनीही सोसला. रँडल यांच्या पत्रात ‘केवळ’ ह्या शब्दानंतर विल्किन्स यांच्यासंबंधी एक वाक्य घालावयास हवे होते, आणि पत्राची एक प्रत त्यांच्याकडे जावयास हवी होती.